वॉशिंग्टन, ग्रोव्हर (ज्युनिअर) : ध्वनिमुद्रिका

(१२ डिसेंबर १९४३ – १७ डिसेंबर १९९९). अमेरिकन सॅक्सोफोनवादक व संगीतरचनाकार. जॅझ संगीतातील ‘सोल जॅझ’ या शैलीतून पुढे ‘स्मूद जॅझ’ (मृदू जॅझ) या नावाने ओळखली गेलेली शैली ज्या मोजक्या वादकांच्या ध्वनिमुद्रणांमधून आकारास आली, त्यांत त्याचे स्थान अग्रगण्य मानले जाते. १९७१ पासून मृत्यूपर्यंतच्या सु. २८ वर्षांत त्याने स्वतःच्या नावावर वीसहून अधिक दीर्घ ध्वनिमुद्रिका केल्या. त्या कालक्रमाने ऐकल्या असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. साथीचा मेळ, वाद्ययोजना आणि ध्वनिमुद्रणाचे तंत्र यांत वारंवार पालट झाला. परंतु ब्लूजच्या पायावर उभी असलेली, कंठसंगीताला जवळची अशी त्याची वादनपद्धती फारशी बदलली नाही. त्याच्या लोकप्रियतेविषयी जॅझच्या अभ्यासकांत जो मतभेद आहे, त्याचा विचार करताना हे ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

शैलीची पार्श्वभूमी : १९४० नंतरच्या दशकात उदयास आलेल्या ‘बीबॉप’ या जॅझप्रकारात अतिद्रुत लय व गुंतागुंतीचे स्वरसंघात यांना महत्त्व आले आणि नृत्यासाठी येणारा सामान्य श्रोता त्यापासून दुरावला. १९५० नंतरच्या दशकात याची प्रतिक्रिया म्हणून सोल जॅझ पुढे आला. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील ‘गॉस्पेल’ हे भक्तिसंगीत आणि ब्लूज यांचे संस्कार त्यावर होते. स्थिर व ठसठशीत ठेका, आवर्तनागणिक परतून येणारी लहान स्वराकृती आणि सुगम स्वररेषा ही त्याची लक्षणे होत. या शैलीचा ठरलेला मेळ म्हणजे हॅमंड ऑर्गन, ड्रम व सॅक्सोफोन किंवा गिटार. ऑर्गनवादक डाव्या हाताने व पायपट्ट्यांनी खर्जाचे स्वर वाजवीत असल्याने स्वतंत्र बासवादकाची गरज उरत नसे. लहान उपाहारगृहे व मद्यगृहे यांना असा मेळ परवडत असे. फिलाडेल्फिया हे या प्रकाराचे मोठे केंद्र होते. जिमी स्मिथ हा विख्यात ऑर्गनवादक त्याच शहरानजीकच्या नॉरिस्टाउनचा.

जीवन व उमेदवारी : वॉशिंग्टनचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील बफालो शहरी झाला. वडील हौशी सॅक्सोफोनवादक व जॅझच्या तबकड्यांचे संग्राहक होते, तर आई चर्चच्या गायकवृंदात गात असे. बालपणीच वडिलांनी त्याला सॅक्सोफोन दिला. किशोरवयातच तो व्यवसायात उतरला आणि ‘फोर क्लेफ्स’ या वृंदाबरोबर त्याने घर सोडले. सक्तीच्या लष्करी सेवेत असताना सैन्याच्या बँडमध्ये त्याची ड्रमवादक बिली कॉबम याच्याशी मैत्री झाली व त्याच्यामुळे न्यूयॉर्कमधील वादकांशी त्याचा परिचय झाला. सेवा संपल्यावर १९६७ मध्ये तो फिलाडेल्फियास स्थायिक झाला. तेथे चार्ल्स अर्लंड, जॉनी हॅमंड स्मिथ इ. ऑर्गनवादकांच्या मेळांत त्याने साथ केली. अर्लंडच्या ‘लिव्हिंग ब्लॅक!’ (१९७०) आणि हॅमंडच्या ‘ब्रेकआउट’ (१९७१) या ध्वनिमुद्रिकांत त्याचे उमेदवारीच्या काळातील वादन ऐकावयास मिळते. त्यातील जोमदार व काहीसा खरखरीत स्वर सोल जॅझच्या परंपरेतील आहे.

कूडू काळ (१९७१–७७) : निर्माते क्रीड टेलर यांनी सी. टी. आय. या आपल्या संस्थेची ‘कूडू’ ही शाखा सोल जॅझसाठी काढली होती. १९७१ च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीमधील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या ध्वनिमुद्रणगृहात सॅक्सोफोनवादक हँक क्रॉफर्ड याचे ध्वनिमुद्रण ठरले होते. तो येऊ न शकल्याने प्रमुख वादनाची जबाबदारी वॉशिंग्टनवर पडली. त्याचे नेहमीचे वाद्य टेनर. पण आयत्या वेळी त्याला आल्टो सॅक्सोफोन वाजवावा लागला. अशा रीतीने ‘इनर सिटी ब्लूज’ ही त्याची पहिली ध्वनिमुद्रिका तयार झाली. मार्व्हिन गे याने त्याच वर्षी गायिलेली दोन गीते, बिल विदर्सचे ‘एन्ट नो सनशाइन’ आणि गर्शविनच्या ‘पोर्गी अँड बेस’ या संगीतिकेतील एक गीत अशा सर्वपरिचित रचना तीत आहेत. बॉब जेम्स याने केलेल्या वृंदयोजनेत तंतुवाद्ये व पितळी वाद्ये यांचा भरणा असला, तरी सॅक्सोफोनची स्वररेषा कोठेही झाकली जात नाही.

टेलर यांची पद्धत अशी, की प्रथम एकलवादक व तालविभाग यांचे वादन ध्वनिमुद्रित करावयाचे आणि मोठा वृंद नंतर स्वतंत्र ध्वनिपथावर चढवावयाचा. त्यामुळे मूळ वादनातील संवाद कायम राहून वर सुखद झिलई येई. ‘ऑल द किंग्ज हॉर्सेस’ (१९७२) व ‘सोल बॉक्स’ (१९७३) या पुढील ध्वनिमुद्रिकाही याच पद्धतीच्या आहेत. त्यांत तत्कालीन सोल गीतांशेजारी ‘बॉडी अँड सोल’, ‘डोन्ट एक्स्प्लेन’ यांसारख्या जुन्या जॅझ रचना आढळतात, तशीच कॉबमची ‘टॉरिअन मॅटॅडोर’ ही नव्या धाटणीची रचनाही आहे.

१९७४ च्या अखेरीस ध्वनिमुद्रित होऊन १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिस्टर मॅजिक’ने त्याचे नाव सर्वतोमुखी केले. ‘बिलबोर्ड’ या व्यवसायपत्राच्या सोल व जॅझ या दोन्ही याद्यांत ही ध्वनिमुद्रिका पहिल्या क्रमांकावर आणि सर्वसाधारण यादीत दहाव्या क्रमांकावर पोहोचली. तीत अवघ्या चार रचना आहेत : ‘अर्थ टोन्स’, बिली स्ट्रेहॉर्नची ‘पॅशन फ्लॉवर’, ‘मिस्टर मॅजिक’ व ‘ब्लॅक फ्रॉस्ट’. यांपैकी पहिली बारा मिनिटांहून अधिक काळ चालते आणि राल्फ मॅक्डॉनल्ड व विल्यम सॉल्टर यांची शीर्षकरचना सु. नऊ मिनिटांची आहे. तीत हार्वी मेसनचा ड्रम व एरिक गेलची गिटार ठेका अढळ धरून ठेवतात. सॅक्सोफोन प्रथम मुखडा मांडतो, मग लहान लहान वाक्ये उच्चारून मध्ये विसावा घेतो आणि हळूहळू तारसप्तकाकडे चढत जातो. दीर्घ तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावत असल्यामुळे असा सावकाश विस्तार शक्य झाला. लोकप्रिय संगीतातील तीन मिनिटांच्या लघुमुद्रिकेत तो साधला नसता.

त्याच वर्षीची ‘फील्स सो गुड’ व १९७६ ची ‘अ सीक्रेट प्लेस’ या ध्वनिमुद्रिकांत हाच आराखडा पुढे नेला आहे. फिलाडेल्फियातील बिजू कॅफे येथे मे १९७७ मध्ये श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित केलेली ‘लाइव्ह ॲट द बिजू’ ही दुहेरी ध्वनिमुद्रिका मात्र वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची आहे. येथे तंतुवाद्यांचा वृंद नाही. ‘लॉकस्मिथ’ या मेळाची साथ आहे. श्रोत्यांच्या प्रतिसादाबरोबर लांबत व तापत जाणारे हे वादन ऐकले, म्हणजे त्याच्या संगीताचे सामर्थ्य ध्वनिमुद्रणगृहातील झिलईवर अवलंबून नव्हते, हे पटते.

‘वाइनलाइट’ व मध्यकाळ (१९७८–८४) : सी. टी. आय. आर्थिक अडचणीत सापडल्यावर वॉशिंग्टनचा करार ‘मोटाउन’ या संस्थेकडे गेला. तिच्यासाठी त्याने ‘रीड सीड’ (१९७८) व ‘स्कायलार्किन’ (१९८०) या, तर ‘इलेक्ट्रा’साठी ‘पॅरडाइज’ (१९७९) ही ध्वनिमुद्रिका केली. आता निर्मितीची सूत्रेही त्याच्या हाती येऊ लागली. राल्फ मॅक्डॉनल्डच्या सहकार्याने त्याने निर्माण केलेली ‘वाइनलाइट’ (१९८०, इलेक्ट्रा) ही त्याची सर्वांत यशस्वी कृती होय. स्टीव्ह गॅड (ड्रम), मार्कस मिलर (बास), रिचर्ड टी (कळफलक वाद्ये) व एरिक गेल (गिटार) हे न्यूयॉर्कमधील कसलेले वादक तीत साथीला आहेत. तंतुवृंदाचा भार कमी करून प्रत्येक वाद्याभोवती मोकळी जागा ठेवल्यामुळे सॅक्सोफोनचा श्वासही कानी येतो. एकूण सहा रचनांपैकी एक ज्यूलिअस अर्व्हिंग या बास्केटबॉलपटूस उद्देशून असून वॉशिंग्टनच्या फिलाडेल्फियाप्रेमाची ती खूण आहे.

या ध्वनिमुद्रिकेतील एकमेव गायनरचना ‘जस्ट द टू ऑफ अस’ ही बिल विदर्सने गायिली. ज्या गायकाचे गीत वॉशिंग्टनने पहिल्या ध्वनिमुद्रिकेत वाद्यावर उतरविले होते, तोच नऊ वर्षांनी त्याच्या शेजारी उभा राहिला. गायनाच्या वेळी सॅक्सोफोन मागे सरतो आणि कडव्यांनंतर तीच भावना शब्दांवाचून पुढे नेतो. मध्ये कॅरिबियन स्टील ड्रमचे वादन येते. ध्वनिमुद्रिकेवर सात मिनिटांहून अधिक लांबीची ही रचना आकाशवाणी केंद्रांसाठी कापून जवळपास निम्मी करण्यात आली आणि १९८१ मध्ये ‘बिलबोर्ड’च्या गीतयादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. १९८२ च्या ग्रॅमी पारितोषिक समारंभात ‘वाइनलाइट’ला जॅझ फ्यूजन वादनाचे, तर विदर्स, मॅक्डॉनल्ड व सॉल्टर या रचनाकारांना ऱ्हिदम अँड ब्लूज गीताचे पारितोषिक लाभले. या यशानंतरच्या ‘कम मॉर्निंग’ (१९८१), ‘द बेस्ट इज येट टू कम’ (१९८२) व ‘इनसाइड मूव्ह्ज’ (१९८४) या ध्वनिमुद्रिकांत गायनयुक्त रचनांचा वापर चालू राहिला. त्यांत कौशल्य असले, तरी यशस्वी साच्याची पुनरावृत्ती काही ठिकाणी जाणवते.

उत्तरकाळ (१९८५–९९) : या काळातील ध्वनिमुद्रिकांचे दोन प्रवाह दिसतात. ‘स्ट्रॉबेरी मून’ (१९८७), ‘टाइम आउट ऑफ माइंड’ (१९८९), ‘नेक्स्ट एक्झिट’ (१९९२) व ‘सोलफुल स्ट्रट’ (१९९६) यांत विद्युत्-वाद्ये व नृत्यानुकूल ठेके यांचा वापर आहे. दुसरा प्रवाह पारंपरिक जॅझचा. गिटारवादक केनी बरेल याच्यासमवेतची ‘टुगेदरिंग’ (१९८५), टॉमी फ्लॅनगन व हर्बी हँकॉक या पियानोवादकांच्या साथीची ‘देन अँड नाऊ’ (१९८८) आणि संथ प्रेमगीतांची ‘ऑल माय टुमॉरोज’ (१९९४) या त्यातील प्रमुख होत. येथे ठेक्याचा आधार सैल होतो आणि स्वरसंघातांच्या बदलत्या क्रमावर वादकाला स्वतःचा मार्ग काढावा लागतो. ही कसोटी वॉशिंग्टन सहजतेने उतरतो.

१७ डिसेंबर १९९९ रोजी न्यूयॉर्क येथे एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी वादन ध्वनिमुद्रित केल्यानंतर त्यास हृदयविकाराचा झटका आला व त्यातच त्याचे निधन झाले. पाश्चात्त्य संगीतिकांतील गीते सॅक्सोफोनवर वाजविलेली ‘आरिआ’ ही त्याची ध्वनिमुद्रिका मरणोत्तर २००० मध्ये प्रसिद्ध झाली.

वादनवैशिष्ट्ये : सॅक्सोफोन हे अदॉल्फ साक्स याने निर्मिलेले व १८४६ मध्ये पॅरिस येथे एकस्व मिळालेले सुषिर वाद्य आहे. त्याचे शरीर पितळी असले, तरी ध्वनी वेताच्या पत्तीच्या कंपनाने निर्माण होतो. सोप्रानो, आल्टो, टेनर व बॅरिटोन हे चारही प्रकार वॉशिंग्टनने हाताळले. सोप्रानोचा स्वर तीक्ष्ण व क्वचित कर्कश होण्याचा संभव असतो; तो त्याने गोल व उबदार ठेवला. स्वरावर थेट न येता खालून घसरत येणे, वाक्याच्या अखेरीस कंप देणे, दोन वाक्यांत मौन राखणे आणि मूळ चाल ओळखू येईल इतपतच आलंकारिक विस्तार करणे, ही त्याची खास वैशिष्ट्ये गायकाची आठवण करून देतात.

परिणाम व मूल्यमापन : फेब्रुवारी १९८७ मध्ये लॉस अँजेल्स येथील ‘द वेव्ह’ या आकाशवाणी केंद्राने सौम्य वाद्यसंगीताचे प्रक्षेपण आरंभिले. अशा केंद्रांच्या प्रसारातून स्मूद जॅझ हे नाव रूढ झाले व केनी जी, जेराल्ड ऑल्ब्राइट इ. वादक पुढे आले. कामकाजाच्या वेळी पार्श्वभूमीस चालावे असे संगीत या केंद्रांना हवे होते. वॉशिंग्टनच्या संगीतातील गोडवा त्यांनी घेतला. पण नऊ-दहा मिनिटांचा विस्तार, चढत जाणारा ताण आणि ऑर्गन मेळातला खरखरीतपणा त्यांच्या चौकटीत बसणारा नव्हता. २००८ च्या सुमारास अमेरिकेतील अनेक शहरांतून ही केंद्रे बंद पडली किंवा त्यांनी आपले स्वरूप बदलले.

टीकाकारांनी या शैलीतील पोकळपणाचा दोष पुष्कळदा तिच्या आद्य वादकाच्या पदरात टाकला. तो काही ध्वनिमुद्रिकांपुरता खरा असला, तरी ‘मिस्टर मॅजिक’ व ‘लाइव्ह ॲट द बिजू’ यांना लागू पडत नाही. त्याच्या संगीताचा वारसाही एका शैलीपुरता मर्यादित राहिलेला नाही. राजधानी वॉशिंग्टन शहरातील ‘गो-गो’ या नृत्यसंगीताच्या घडणीत चक ब्राऊन याने ‘मिस्टर मॅजिक’च्या ठेक्याचा आधार घेतला. कूडू काळातील ध्वनिमुद्रणांचे तुकडे हिपहॉप निर्मात्यांनी वारंवार वापरले. तसेच ‘जस्ट द टू ऑफ अस’मधील स्वरसंघातक्रम जपानच्या लोकप्रिय संगीतात रूढ झाला. जॅझशी परिचय नसलेल्या असंख्य श्रोत्यांना त्याच्या तबकड्यांनी या संगीताच्या दाराशी आणले, हे त्याचे ऐतिहासिक कार्य. सुबोधता व सखोलता यांत मूलतः विरोध नाही, हे त्याच्या उत्तम ध्वनिमुद्रिका दाखवून देतात.