घरपोच म्हणजे नेमकं कुठपर्यंत?

लेकीच्या बाळंतपणासाठी २०२२ मध्ये मी वाईहून इंग्लंडला, मिल्टन कीन्सला गेले होते. डिंक, आळीव, बाळंतशोपा बरोबर नेल्या होत्या. पण दूध, पाव, बटाटे तिथलेच घ्यायला हवेत ना! ते घेऊन दुकानातला पोऱ्या यायचा नाही. यायची ती सहा चाकांची पांढरी पेटी!

मैत्रिणींनो, ही पेटी म्हणजे आपली आपण चालणारी गाडी. जेमतेम गुडघ्याएवढी उंच, मागे काठीवर झेंडा. ज्यांनी स्काइप उभं केलं, त्यांच्यापैकी दोघांनी २०१४ मध्ये स्टारशिप नावाची कंपनी काढली, तिच्या या गाड्या. मिल्टन कीन्समध्ये २०१८ पासून त्या घरोघरी सामान पोचवू लागल्या. मोबाइलवर यादी द्यायची, दुकानातला माणूस पिशव्या आत ठेवतो, झाकणाला कुलूप पडतं आणि स्वारी फूटपाथवरून निघते. वेग फार तर ताशी ६ किलोमीटर, म्हणजे आपण भरभर चालतो तेवढाच. कॅमेरे आणि सेन्सरच्या मदतीने ती माणसं, कुत्री, खांब चुकवते. कुठे अडलीच, तर दूर बसलेला कर्मचारी कॅमेऱ्यातून बघून तिला सोडवतो. दारात आली की मोबाइलवरून झाकण उघडायचं, बस्स!

गावही तिला सोयीचं. १९६७ नंतर आखून वसवलेलं. चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी मोटारींपासून वेगळ्या, रुंद, लालसर वाटा. २०२० च्या टाळेबंदीत माणसांना घराबाहेर पडायची चोरी होती, तेव्हा याच गाड्या दूध-अंडी घेऊन फिरत होत्या. कौतुक वाटतंच हो!

पण माझी निघायची वेळ जवळ आली, तेव्हा पोटात कालवायला लागलं. लेकीचं सिझेरियन झालेलं, घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती म्हणाली, "आई, काळजी करू नकोस गं, गाडी आहे ना!" मी जिन्याकडे बघितलं. ही गाडी फूटपाथची कड चढते, जिना नाही चढत. तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन खाली उतरायचं आणि बटाट्यांची पिशवी वर ओढत आणायची, ती कोणी? आमच्या वाईत किराण्याचा पोऱ्या तेलाचा डबा थेट ओट्याशी ठेवतो. वर विचारतो, "काकू, गॅसची टाकी खाली आलीय, वर आणू का?" हा प्रश्न त्या पेटीला कसा सुचणार!

मग आम्ही मायलेकी तळमजल्यावरच्या आजींकडे गेलो. सत्तरी उलटलेल्या, गुडघ्यांनी बेजार. दुकानापर्यंत चालवत नाही, त्यामुळे त्यांना ही गाडी म्हणजे वरदानच. फक्त मोबाइलवर यादी भरताना तारांबळ उडायची. ठरलं असं की, त्यांची यादी लेक भरणार, दोघींचं सामान आजींच्या दारात येणार, आजी एकेक वस्तू आत घेणार आणि जावई संध्याकाळी कामावरून आले की लेकीच्या पिशव्या वर नेणार. गाडी तीच, पण शेवटच्या पायऱ्यांना माणसंच लागली.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाजवळ व्हीलचेअरवरची एक विद्यार्थिनी रस्ता ओलांडत होती. समोर फूटपाथवर चढायच्या उतारावरच अशी एक गाडी थांबलेली. चढायला दुसरी वाट नाही आणि ती मात्र भर रस्त्यात! तिच्या तक्रारीनंतर विद्यापीठाने काही काळ गाड्या थांबवल्या. २०२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहराने तर फूटपाथवर या गाड्यांना मनाईच केली. वृद्ध आणि अपंग माणसांची वाट अडू नये, म्हणून.

म्हणजे यंत्र वाईट असं नाही. आजींना विचारा, त्या त्याला दुवाच देतील. पण आपल्या बाजारपेठेत फूटपाथ मुळात आहे कुठे? असेल तिथे त्यावर भाजीवाली बसलेली, मोटारसायकली लावलेल्या, उरलेल्या वीतभर जागेतून आपण चालणार. अशा गाड्या उद्या आपल्याकडे आल्या, तर हौसेने यादी जरूर द्यावी. फक्त त्याआधी नगरपालिकेला विचारावं, आम्ही चालायचं कुठून? आणि दुकानदाराला विचारावं, घरपोच म्हणजे फाटकापर्यंत, की ओट्यापर्यंत?