उचल, परतफेड आणि सर्व्हर

घेतलेली उचल वेळेत परत व्हावी, हा बँकव्यवहाराचा पहिला धडा होय. संगणकाच्या सर्व्हरलाही हाच नियम लागू पडतो. ग्राहकाची प्रत्येक विनंती पूर्ण करताना आज्ञावली ऑपरेटिंग सिस्टिमकडून थोडी मेमरी उसनी घेते व काम संपताच परत करते. आज्ञावलीतील दोषामुळे ही परतफेड राहून गेली, तर त्यास 'मेमरी लीक' म्हणतात.

थकबाकी सुरुवातीस क्षुल्लक भासते. समजा, दिवसाला एक लाख विनंत्या येतात आणि प्रत्येकीमागे एक किलोबाइट अडकतो. दहा दिवसांत जवळजवळ एक गिगाबाइट मेमरी गुंतून पडते. सेवा मंदावते आणि ऐन पगाराच्या दिवशी खिडकीपुढे रांग खोळंबते.

२२ ऑक्टोबर २०१२ रोजी अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतील क्लाउड सेवेत असेच घडले. माहिती गोळा करणारा एक सर्व्हर बदलण्यात आला होता. पण त्याचा नवा पत्ता काही साठवण-सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नाही. त्यांच्यावरील एक लहानशी आज्ञावली जुन्याच पत्त्यावर संपर्क साधत राहिली आणि त्या खटाटोपात हळूहळू मेमरी गिळत गेली. एकूण मेमरीवर देखरेख होती, तरीही गळती ध्यानात आली नाही. तेरीज जुळली म्हणून प्रत्येक खाते बिनचूक असतेच असे नाही, हे आपण जाणतोच.

खरा उपाय म्हणजे आज्ञावलीतील दोष शोधून दुरुस्त करणे. त्यास वेळ लागतो आणि ग्राहकास तोवर थांबवता येत नाही. अशा वेळी नियोजित रीस्टार्ट कामी येतो. प्रक्रिया बंद होताच ऑपरेटिंग सिस्टिम तिच्याकडील सारी मेमरी परत घेते. अपाचे या वेब सर्व्हरमध्ये तर ठरावीक संख्येने विनंत्या हाताळल्यावर प्रत्येक उपप्रक्रिया निवृत्त करून तिच्या जागी नवी नेमण्याची सोयच आहे. बेल लॅबोरेटरीजमधील संशोधकांनी १९९५ मध्ये या पद्धतीचा शास्त्रशुद्ध अभ्यास मांडला व तिला 'सॉफ्टवेअरचे पुनर्यौवन' असे अर्थपूर्ण नाव दिले.

मात्र हा उपाय उचंत खात्यातील नोंदीसारखा आहे. नोंद वैध असते. पण तिला तारीख, कारण आणि समायोजनाची मुदत हवी. म्हणून प्रत्येक आज्ञावलीने व्यापलेली मेमरी रोज नोंदवावी. रीस्टार्ट कमी वर्दळीच्या वेळी, एका वेळी एकाच सर्व्हरचा करावा. दुसऱ्याने तोवर काम सांभाळावे. दोषाची तक्रार आज्ञावली पुरवणाऱ्याकडे लेखी द्यावी आणि तिचा पाठपुरावा सोडू नये. आठवड्याने लागणारा रीस्टार्ट रोज लागू लागला, तर गळती वाढली आहे, हे ओळखावे.

'नियोजित देखभालीसाठी सेवा काही काळ बंद राहील' ही सूचना ग्राहकांस क्वचित त्रासदायक वाटते. मध्यरात्रीची ती काही मिनिटे भरदुपारचे कित्येक तास वाचवू शकतात. मूळ दोष दूर होईपर्यंत ती थकबाकी मात्र वहीत उघडीच राहिली पाहिजे.