फेरविचाराचें दार

नाशिकाहून वाहत आलेली गोदावरी पुणतांब्याच्या घाटास लागते. तिच्याच वरच्या अंगास, नाशिक शहरालगत बेलतगव्हाण गांवीं, ५ जून २००३ च्या रात्रीं एका गरीब कुटुंबाच्या झोंपडीवर दरोडा पडला. पांच जीव गेले व स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या जमातींतील सहा मजूर पकडले गेले. २००६ सालीं नाशिकच्या सत्र न्यायालयानें सहांसही फांशी सांगितली. पुढील वर्षीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें त्यांपैकीं तिघांची फांशी जन्मठेपेवर आणली. त्यावर सरकार अपिलांत गेलें, आणि ३० एप्रिल २००९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या तिघांसही फांशीच फर्माविली. कैद्यांनीं शिक्षेचा फेरविचार व्हावा म्हणून अर्ज केला. तोही नामंजूर झाला.

सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणें खटला येथें संपला. परंतु तो संपला नाहीं, आणि म्हणूनच आम्ही आज तो वाचकांपुढें मांडीत आहों. सहांपैकीं एकजण गुन्ह्याच्या वेळीं अल्पवयीन होता असें २०१२ सालीं ठरलें. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आपला जुना निकाल व अर्जाची नामंजुरी, दोन्ही मागें घेऊन प्रकरण पुन्हां ऐकावयास घेतलें. ५ मार्च २०१९ रोजीं न्यायमूर्ति सिक्री, नझीर व शाह यांनीं सहाही जणांस निर्दोष सोडलें. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदारानें पोलिसांजवळील छायाचित्रांवरून दुसरेच चार इसम ओळखले होते, आणि त्या धाग्याचा तपास झालाच नव्हता! सोळा वर्षांच्या तुरुंगवासाबद्दल दरेकीं पांच लक्ष रुपये देण्याचा हुकूम सरकारास झाला. फेरविचाराची नामंजुरी जर खरोखरच शेवटची ठरती, तर हे पांच लक्ष रुपये कोणाच्या हातीं ठेवावयाचे होते?

व्यापारी वाचकांस आम्ही इतकेंच विचारतों: दिवाळीस वही बंद केल्यावर खतावणींत दुसऱ्याच्या नांवें चुकीची रक्कम पडलेली आढळली, तर वही बंद झाली या सबबीवर आपण ती तशीच वसूल कराल काय?

येथें गुन्हा कोणी केला हा एक प्रश्न, व गुन्हेगारास शिक्षा कोणती हा दुसरा. १८९८ च्या फौजदारी कायद्यान्वयें खुनास फांशी हाच नियम असून ती न दिल्यास न्यायाधीशास कारण लिहावें लागे. हें कलम १९५५ सालीं गेलें. १९७३ च्या कायद्यानें तर उलट फांशी द्यावयाची असल्यास विशेष कारणें लिहिण्याचें बंधन घातलें, व दोष शाबीत झाल्यावर शिक्षेपुरती आरोपीची स्वतंत्र सुनावणी ठेविली. १९८० सालीं बच्चनसिंग खटल्यांत घटनापीठानें सांगितलें कीं, नुसता गुन्हा पाहूं नये, गुन्हेगारही पाहावा. असें असतां २००९ चा निकाल गुन्ह्यावरच दृष्टि ठेवून झाला. त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनीं महाराष्ट्रांतीलच दुसऱ्या एका खटल्यांत त्याच न्यायालयानें ही पद्धत बच्चनसिंग निकालाशीं विसंगत ठरविली. आणि २०१२ सालीं चौदा माजी न्यायाधीशांनीं राष्ट्रपतींस पत्रें लिहून अशा चुकीनें फांशी झालेल्या तेरा कैद्यांचे प्राण वांचविण्याची विनंती केली. त्या तेरांत बेलतगव्हाणचे कैदी होते.

पुणतांब्यास चांगदेवांची समाधि आहे. चौदाशें वर्षें काळास चुकविणाऱ्या या योग्यानें ज्ञानदेवांस मायना कसा लिहावा हें न कळून कोरेंच पत्र पाठविलें, ही कथा येथील लहान मूलही सांगेल. आमच्या न्यायालयांतील शिक्षेची सुनावणी बहुधा अशाच कोऱ्या कागदावर होते. आरोपी कोठें वाढला, शाळेंत गेला कीं नाहीं, त्याचें मानसिक आरोग्य कसें आहे, तुरुंगांत तो कसा वागतो, याची एक ओळही पुढें येत नाहीं. वकील वय व गरिबी सांगतो आणि खालीं बसतो.

हा कागद भरावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं मनोज खटल्यांत सांगितलें: परिवीक्षा अधिकाऱ्याचा, तुरुंगाचा व मानसतज्ज्ञाचा अहवाल मागवावा. नागपुरांत २००८ सालीं झालेल्या एका बालिकेच्या खुनांतील कैद्याची फांशी २०१४ सालीं कायम झाली होती, फेरविचार २०१७ सालीं व दयेचा अर्ज २०२३ सालीं फेटाळला गेला होता. तरी २५ ऑगस्ट २०२५ रोजीं न्यायमूर्ति विक्रम नाथ, संजय करोल व संदीप मेहता यांनीं घटनेच्या कलम ३२ खालीं त्याचा अर्ज मंजूर केला. दोष कायम ठेवून शिक्षेची सुनावणी मात्र नव्यानें व्हावी असें ठरविलें. हें दार उठल्यासुटल्या कोणासही उघडावयाचें नाहीं, स्पष्ट उल्लंघन दिसेल तेथेंच, ही मर्यादाही त्यांनीं घातली. ती आम्हांस योग्य वाटते.

यावर उत्तर ठरलेलें आहे: मेलेल्यांच्या नातलगांनीं किती वेळां कोर्टाची पायरी चढावी? कोपर्डीच्या प्रकरणीं २९ नोव्हेंबर २०१७ रोजीं नगरच्या सत्र न्यायालयानें तिघांस फांशी सांगितली, तेव्हांचा जिल्ह्याचा संताप आम्ही विसरलों नाहीं व तो खोटाही मानीत नाहीं. परंतु बेलतगव्हाणच्या त्या कुटुंबास काय मिळालें? सहा निरपराधी सुटले त्या दिवशीं, त्या पांच खुनांचा जाब देण्यास पिंजऱ्यांत कोणीही उभा नव्हता. घाईनें त्या नातलगांचाच प्रथम घात केला.

१ जून २०१७ रोजीं संप पुकारून ज्या पुणतांब्यानें सरकारास आपल्या धोरणाचा फेरविचार करावयास लाविलें, त्या गांवास हा शब्द नवा नाहीं. आमची मागणी थोडी आहे. दिल्लीस पोंचेपर्यंत न थांबतां नगरच्या सत्र न्यायालयांतच, दोष ठरल्यावर व शिक्षा सांगण्यापूर्वीं, वरील तीनही अहवाल दाखल व्हावे. गरीब आरोपीस विधि सेवा प्राधिकरणानें खुनाच्या खटल्यांत पहिल्या दिवसापासून मुरलेला वकील द्यावा. आज नवशिक्यांवर ही कामें सोंपविलीं जातात, हें कोर्टांत वावरणारा प्रत्येकजण जाणतो. आणि फांशीच्या कैद्याचा फेरविचाराचा अर्ज नामंजूर करितांना त्याचीं कारणें त्यास कळेल अशा मराठींत लेखी द्यावीं, म्हणजे पुढें दाद कशाविरुद्ध मागावयाची तें त्यास व त्याच्या वकिलास समजेल.