स्पिरिट झोंबतं, म्हणजे काम करतं?

गुडघा खरचटला की घराघरांत एकच धावपळ होते: कापूस आणा, स्पिरिट आणा! पोर किंचाळतं आणि मोठी माणसं समजूत काढतात, "झोंबतंय ना, म्हणजे जंतू मरतायत."

खरं तर झोंबण्याचा जंतूंशी काही संबंध नाही. त्वचेतल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राहक असतो. एरवी तो ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास भाजल्याची सूचना देतो. स्पिरिटमधल्या अल्कोहोलमुळे ही मर्यादा ३४ अंशांपर्यंत उतरते आणि शरीराची स्वतःचीच ऊब चटका देऊ लागते. तिखट मिरचीही याच ग्राहकाला चेतवते.

स्पिरिट जंतू मारतं, यात शंका नाही. गंमत अशी की ७० टक्क्यांचं द्रावण ९५ टक्क्यांहून सरस ठरतं, कारण जंतूंची प्रथिनं मोडायला पाणीही लागतं. म्हणूनच इंजेक्शनआधी अखंड त्वचा पुसायला ते उत्तम.

उघड्या जखमेवर मात्र ते आपल्याच नाजूक पेशींनाही मारतं, आणि जखम भरायला उशीर लागतो. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू तर त्याला दादच देत नाहीत.

मग करायचं काय? किरकोळ जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवा, भोवतीची त्वचा साबणाने साफ करा, माती काढा, स्वच्छ पट्टी बांधा. जखम खोल असेल, गंजलेला खिळा लागला असेल किंवा कुत्रा चावला असेल, तर धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा. कुत्र्याच्या चाव्याची जखम साबण-पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा.