पुढचे ब्रेक पॅड घरी बदलताना

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, चंद्रपूर-मूल रस्ता जंगलातून जातो. चितळ, रानडुक्कर कधी आडवं येईल याचा नेम नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. म्हणून पॅडची जाडी ३ मिमीवर आली की बदलाच.

सपाट जागी हँडब्रेक लावा. चाकाचे नट आधी सैल करा, मग जॅक लावून गाडी स्टँडवर टेकवा. कॅलिपर काढून तारेने बांधा, पाइपवर लोंबू देऊ नका. डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा झिजली असेल, तर तीही बदला. पिस्टन मागे ढकलून नवे पॅड बसवा, दोन्ही चाकांचे एकदमच.

पिस्टन मागे गेल्यामुळे पहिल्यांदा पेडल नुसतंच खाली जातं. ते घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, मगच गाडी हलवा.

जुना पॅड फेकू नका. घर्षणाच्या धड्याला वर्गात दाखवा.