बिचारी बॅटरी

पहाटे चिलापीचे क्रेट भरून पिकअप भिगवणच्या बाजाराला निघणार, तेवढ्यात स्टार्टर नुसता ‘टक्’ करतो. निकाल जागेवरच लागतो: बॅटरी गेली. मग टेंभुर्णीहून नवी आणायची, आणि चार दिवसांनी धक्का मारायला पुन्हा पोरं गोळा करायची.

बॅटरी नुसती साठवते, भरतो अल्टरनेटर. जुने मिस्त्री त्याला अजून डायनामाच म्हणतात. उजनी धरणाच्या बॅकवॉटरच्या काठी मोटारी बसवून ऊस पिकवणाऱ्याला हे यंत्र परकं नाही: मोटार वीज खाऊन फिरते, हा फिरून वीज देतो. धरणाच्या पायथ्याच्या वीजघरात पाणी फिरवतं, बॉनेटखाली बेल्ट.

मोटारीसाठी घेतलेला मल्टिमीटर इथंही चालतो. तो डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली. इंजिन सुरू केल्यावर आकडा १३.८ ते १४.५च्या आसपास चढायला हवा. तो बारावरच रेंगाळून हळूहळू उतरू लागला, तर चार्जिंग येत नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. काही नव्या गाड्यांत संगणकच चार्जिंग कमीजास्त करतो. तिथं हेडलाइट आणि ब्लोअर लावूनच मोजावं.

तरी लगेच अल्टरनेटर खोलू नये. बेल्ट ढिला असेल, टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार असेल, अर्थिंगची वायर सुटली असेल. हे फुकटात दिसतं. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डचा बॅटरीचा दिवा लागतो का, हेही बघा. तोच लागत नसेल तर त्या वायरीतही दोष निघतो. घरघर आली तर बेअरिंग. कार्बन झिजले तर बऱ्याच अल्टरनेटरमध्ये तेवढेच बदलता येतात.

सगळ्यात लबाड दोष डायोडचा. दिवसा चार्जिंग बऱ्यापैकी दिसतं, पण शॉर्ट झालेला डायोड उभ्या गाडीत रात्रभर बॅटरी पितो. इंजिन चालू ठेवून मीटर एसीवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर संशय तिथंच.

चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून बघायची जुनी युक्ती मात्र विसरा. जुन्या जीपला ती खपून गेली असेल. आता त्या झटक्यात गाडीचा संगणकच जळू शकतो.