वाऱ्याचा ताळेबंद

पुण्यात शिवाजीनगरच्या ज्या चौकास लोक अद्याप 'सिमला ऑफिस'चा चौक म्हणतात, त्या नावाचे मूळ हवामानखात्याची मुख्य कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्यास हलविण्यात आली या घटनेत आहे, हे ठाऊक असलेले पुणेकर आता विरळा होत चालले आहेत. आणि त्याच खात्याच्या छत्राखाली १९६२ च्या नोव्हेंबरात स्थापन झालेली, पी. आर. पिशारोटी जिचे पहिले संचालक होते आणि १९७१ पासून जिचा कारभार स्वायत्त झाला, ती भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था पाषाणला नेमके करते तरी काय, हे सांगू शकणारे तर त्याहूनही विरळा. सामान्य माणसाचा संबंध येतो तो वेधशाळेशी, आणि तोही बहुधा थट्टेच्या निमित्ताने. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आमच्या आजोबांच्या काळीही जुनाच असावा. पाषाणची संस्था रोजचा अंदाज जाहीर करीत नाही, तो अधिकार हवामानखात्याचा. ज्या गणिती यंत्रणेच्या आधारे तो अंदाज बांधला जातो, ती यंत्रणा घडविण्याचे आणि तिची परीक्षा घेण्याचे काम या संस्थेकडे आहे.

या यंत्रणेचे दृश्य शरीर म्हणजे महासंगणक. संस्थेत पूर्वी 'पृथ्वी' होता, मग 'आदित्य' आला, २०१८ साली 'प्रत्यूष', आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून 'अर्क'. नावे ठेवणाऱ्यांनी एकदा सूर्याचा आश्रय घेतला तो पुन्हा सोडलेला दिसत नाही. आपल्या जुन्या अंकगणितात एकावर सोळा शून्ये दिली की त्या संख्येस 'मध्य' म्हणत. अर्काची कमाल क्षमता सेकंदास एक मध्याहून थोड्या अधिक गणिती क्रियांची आहे. परंतु असल्या आकड्यांनी दिपून जाण्यापूर्वी हे यंत्र एवढे गणित कशासाठी करते, ते पाहिले पाहिजे. कारण गणित मुळात साधे आहे, आणि संगणकाहून पुष्कळ जुने आहे.

१९०४ साली विल्हेल्म ब्यर्कनेस या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले, की वातावरणाची आजची अवस्था पुरेशा अचूकपणे ज्ञात असेल आणि एका अवस्थेतून दुसरी अवस्था ज्या नियमांनी निष्पन्न होते ते नियम ज्ञात असतील, तर उद्याचे हवामान हा केवळ हिशेबाचा प्रश्न उरतो. वाऱ्याचे तीन दिशांतील वेग, दाब, तापमान, घनता आणि आर्द्रता अशी सात अज्ञाते. त्यांना बांधणारी सात समीकरणे. समीकरणांचा आशय कोणत्याही जुन्या दफ्तरातील जमाखर्चाहून निराळा नाही. आकाशाचे लहान लहान चौकोनी खण पाडावेत. प्रत्येक खणात किती हवा आली, किती गेली, किती उष्णता जमा झाली, किती बाष्प खर्ची पडले, याची नोंद करावी. कोणत्याही खणातून काही नाहीसे होता कामा नये आणि कशातूनही काही फुकट निर्माण होता कामा नये. आणि काही मिनिटांपुरती ही शिल्लक काढून झाली की तीच पुढच्या हिशेबाची आरंभीची बाकी धरून पुन्हा प्रारंभ करावा.

हा हिशेब हाताने करून पाहण्याचे विलक्षण धाडस ल्युइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थाने केले. तो क्वेकर पंथाचा, म्हणजे शस्त्र हाती न धरणारा. म्हणून पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर तो जखमींची गाडी चालवीत होता, आणि मिळेल त्या फुरसतीत २० मे १९१० या दिवसाचे मध्य युरोपातील हवामान मागाहून, कागदावर, सहा तास पुढे नेत होता. लढाईच्या धुमाळीत त्याचे हस्तलिखित गहाळ झाले आणि काही महिन्यांनी बेल्जममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. एवढ्या तपश्चर्येचे फळ असे, की त्या सहा तासांत वायुदाब १४५ मिलिबारांनी चढेल असे उत्तर निघाले, आणि प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ हललाच नव्हता! रिचर्डसनने हे उत्तर लपविले नाही. १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ते जसेच्या तसे छापले, आणि एका प्रचंड गोलाकार सभागृहात ६४,००० हिशेबनीस बसवले तर जगाचे हवामान काळाच्या बरोबरीने मोजता येईल, असे स्वप्नही त्याच ग्रंथात रंगविले. त्याची समीकरणे सदोष नव्हती, हे पुढे सिद्ध झाले. आरंभी घेतलेले वारे आणि दाब यांचा परस्परांशी मेळ नव्हता, आणि ती लहानशी विसंगती हिशेबात फुगत गेली. या शास्त्राच्या इतिहासात याहून उपकारक अपयश मला दुसरे दिसत नाही.

१९५० साली अमेरिकेत चार्नी, फ्यॉर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमान यांनी मुद्दाम सोपी केलेली समीकरणे एनियाक या संगणकावर सोडविली. चोवीस तासांचा अंदाज काढण्यास जवळजवळ चोवीस तासच लागले, परंतु उत्तर विश्वसनीय आले. पुढची कथा मुख्यतः खण लहान करण्याची आहे. खणाची लांबी-रुंदी निम्मी केली की खणांची संख्या चौपट होते, आणि हिशेब कोसळू नये म्हणून कालखंडही निम्मा करावा लागतो; म्हणजे काम आठपट. बारा किलोमीटरांच्या जाळीवरून सहा किलोमीटरांच्या जाळीवर येणाऱ्या, पाषाणलाच घडलेल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात राष्ट्रास अर्पण झालेल्या 'भारत पूर्वानुमान प्रणाली'ला अर्कासारखे यंत्र का लागले, याचा उलगडा या साध्या त्रैराशिकात आहे. आणि तरीही मेघगर्जनेच्या ढगातील उसळता प्रवाह काही थोड्या किलोमीटरांचाच असतो. तो सहा किलोमीटरांच्या खणातही धड सापडत नाही. जे खणात मावत नाही त्याचा एकत्रित परिणाम अनुभवसिद्ध सूत्रांनी अजमावावा लागतो, यास शास्त्रज्ञ प्राचलीकरण म्हणतात. आणि उष्ण कटिबंधातील हवामानाचा सारा प्राण नेमका त्या अजमासात गुंतलेला आहे.

चक्रीवादळाच्या जन्माची मेख हीच. अकिरा कासाहारा यांनी १९६१ साली संगणकावर वादळ घडविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा समीकरणांनी शेकडो मैल व्यासाचे चक्र उभे करण्याऐवजी ढगाएवढ्या लहान उसळ्याच वाढवीत नेल्या. लहान ढग नेहमी मोठ्या भोवऱ्याच्या आधी वाढतो, मग मोठा भोवरा होतोच कसा, हा प्रश्न त्यामुळे उघडा पडला. चार्नी आणि एलियासन यांनी १९६४ साली असे उत्तर सुचविले, की ढग आणि भोवरा हे प्रतिस्पर्धी नसून सहकारी आहेत: भोवरा सभोवतालचे बाष्प आत ओढून ढगांना पुरवितो, आणि बाष्पाचे पाणी होताना सुटणारा अप्रकट उष्मा भोवऱ्याच्या गाभ्यास उष्ण राखतो. या विचाराच्या बळावर कात्सुयुकी ओयामा यांनी १९६९ साली संगणकात खऱ्यासारखे वादळ जगवून दाखविले. पुढे केरी इमॅन्युएल यांनी आक्षेप घेतला, की खरे इंधन हवेत आधीच साठलेले नसून, वाऱ्याच्या वेगाबरोबर समुद्रपृष्ठावरून जे बाष्पीभवन वाढत जाते ते आहे. वाद पूर्णपणे मिटलेला नाही.

अनुकूल परिस्थितीविषयी मात्र फारसे दुमत नाही. पाणी साडेसव्वीस अंशांहून उष्ण असावे, आणि तेही नुसते पृष्ठावर नव्हे तर बरेच खोलवर. जागा विषुववृत्तापासून सुमारे पाच अंश तरी दूर असावी, कारण त्याहून जवळ पृथ्वीच्या परिवलनाचा पीळ वाऱ्यास पुरेसा बसत नाही. मधल्या थरांतील हवा दमट असावी. आणि खालचा वारा व वरचा वारा यांत फार तफावत नसावी, नाही तर वादळाचा माथा धडापासून ओढला जाऊन निराळ्या दिशेस निघतो. या शेवटच्या अटीमुळेच, ज्या जुलै-ऑगस्टात अरबी समुद्र सर्वांत खवळलेला असतो त्याच काळात तेथे चक्रीवादळे जवळजवळ होत नाहीत: खाली नैर्ऋत्येचा जोरदार मान्सून, आणि वर चौदा-पंधरा किलोमीटरांवर, पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली ज्याचे वर्णन केले तो पूर्वेचा वेगवान झोत. वादळांचे हंगाम म्हणून दोन, एक पावसाळ्याच्या आधी आणि दुसरा नंतर. कोकणातले नाखवे हे पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत, असे कोणी म्हणेल. जाणत असतीलही, परंतु कारण सांगण्यास फुग्यांना आकाशात जावे लागले.

ते फुगे आजही जातात. जगभर एकाच वेळी, आपल्याकडे पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, फुग्यांमागे बांधलेली उपकरणे उंचउंच हवेचा दाब, ताप आणि ओलावा कळवीत राहतात. जमिनीवर ही सोय. समुद्रावर मात्र तुरळक जहाजे, काही तरंगते बोये, आणि बाकी सारा भार उपग्रहांवर. तेव्हा मागील अंदाजालाच प्रथम मसुदा मानून, आलेल्या प्रत्येक निरीक्षणाच्या विश्वासार्हतेनुसार त्यात दुरुस्त्या करून आरंभीची अवस्था ठरविली जाते. रिचर्डसनला जी विसंगती नडली तिचा बंदोबस्त या टप्प्यावर होतो. राहिलेली चूक शून्य कधीच नसते, आणि ती वाढत जाते हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ सालीच दाखविले. म्हणून आरंभ किंचित बदलून तोच हिशेब अनेकदा केला जातो. पुण्यात २०१८ साली सिद्ध झालेल्या समूह-पद्धतीत असे एकवीस हिशेब समांतर चालत. एकवीसही वादळे एकाच किनाऱ्याकडे वळली तर अंदाज ठामपणे सांगावा. पांगली तर शक्यतेच्या भाषेत बोलावे.

जन्मलेले वादळ कोठे जाईल, हे सांगण्यात या पद्धतीने मिळविलेले यश निर्विवाद आहे. १९९९ साली ओडिशात चक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आले, त्यापूर्वी लाखो लोक हलविले गेले होते, आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. अंमलबजावणी करणारे महसुली अधिकारी, निवारे बांधणारे आणि गावोगाव दवंडी पिटणारे यांचे श्रेय त्यात यंत्राइतकेच आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मार्ग अगोदर कळल्याने माणसे हलविता आली, श्रीवर्धनच्या नारळी-पोफळी हलविता येण्यासारख्या नव्हत्या.

जन्माचा अंदाज ही गोष्ट निराळी. अजून जो भोवरा झालाच नाही, त्या विस्कळीत ढगांच्या पुंजक्यातून वादळ होईल का, यावर हवामानखाते आपल्या दैनिक पत्रकात पुढील सात दिवसांसाठी 'अल्प', 'मध्यम', 'अधिक' अशा श्रेणीच देते. वर्तमानपत्रे 'अल्प'चा अर्थ 'नाही' असा करतात, आणि 'अधिक'चा अर्थ 'निश्चित' असा, दोन्ही चूक. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर कन्याकुमारीच्या दक्षिणेस 'ओखी'ने कमी दाबाच्या तीव्र क्षेत्रापासून चक्रीवादळापर्यंतची मजल सुमारे एका दिवसात मारली. केरळ-तमिळनाडूच्या ज्या नौका कित्येक दिवस आधीच खोल समुद्रात गेल्या होत्या, त्यांच्या दृष्टीने चोवीस तासांची पूर्वसूचना म्हणजे सूचनाच नव्हे. परतीची वाटच त्याहून लांब होती. शेकडो माणसे परतली नाहीत. साठाहून अधिक नौका मात्र नऊशेहून अधिक माणसांसह भरकटत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यास लागल्या. डिसेंबरातल्या अवकाळी पावसामुळे मुंबईच्या शाळांना ज्या दिवशी सुटी द्यावी लागली, तो पाऊसही याच वादळाचा.

म्हणून पाषाणला आज जो खरा झगडा चालू आहे तो मार्गाचा नसून जन्माचा आहे: ढगांचा अजमास सुधारणे, समुद्राच्या उष्णतेचा हिशेब हवेच्या हिशेबाशी जोडणे, आठवडा-दोन आठवडे आधी शक्यता वर्तविणे. वेळही तितकीच मोलाची. जुन्या यंत्रावर ज्या हिशेबास दहा तासांपर्यंत लागत, तो अर्कावर सुमारे चार तासांत होतो, आणि वाचलेले तास थेट इशाऱ्यात जमा होतात. तो इशारा मोबाइलच्या टप्प्यापलीकडील नौकेपर्यंत पोहोचावा म्हणून हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राने २०१९ साली 'जेमिनी' नावाचे लहानसे उपकरण पुढे आणले. ते उपग्रहाकडून संदेश घेऊन तांडेलाच्या मोबाइलवर उतरविते. संदेश एकमार्गी आहे. नौकेवरून उलट काही कळविण्याची तजवीज त्यात नाही.